अर्ध्यावर थांबलेला जॅक: नव्या डंपिंग ट्रॉलीचा पहिला दिवस

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठावर दोन भावांचं एकत्र घर आहे. ऊस, थोडं भात, गोठ्यात म्हशी. ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा आणि दारात उसासाठी दोन चारचाकी ट्रॉल्या. यंदा एप्रिलच्या शेवटाला त्यांनी शिरोलीकडच्या एका वर्कशॉपातून दोनचाकी हायड्रॉलिक डंपिंग ट्रॉली बांधून आणली, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा जॅक हौदा पुढून उचलतो आणि माल मागं ओततो ती. पहिल्याच दिवशी सकाळी शेणखत ओढलं, दुपारी पाणंदीवर टाकायला मुरूम ओढला, आणि रात्री जेवताना घरात दोन तट पडले.

थोरल्या आण्णांचं म्हणणं, "जॅकात दमच न्हाई. माघारी घालवा ती." धाकटे तात्या आणि ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा पोरगा दुसऱ्या बाजूला. "सकाळी खत बघितलं न्हाईसा काय? नाद खुळा काम केलंय. मुरूमच जड हुता, त्याला ट्रॉली काय करणार?" वर्कशॉपवाल्याचे काही पैसे अजून द्यायचे होते, म्हणून हा वाद नुसत्या बोलण्यावर भागणारा नव्हता. अवजारं तपासून देणं हे माझं काम. मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, तेव्हा फोनवर एवढंच सांगून ठेवलं की ट्रॉली धुऊ नका. धुतलेल्या ट्रॉलीवर तेल कुठून झिरपलं, पिन कुठं घासली, रंग कुठं तडकला यातलं काहीच दिसत नाही. नवी वस्तू चकचकीत ठेवायची हौस सगळ्यांना असते, पण पहिल्या दिवसाची धूळ हा तपासणीचा अर्धा कागद असतो.

आधी ही ट्रॉली घेतली कशाला ते बघू, कारण निकाल त्या कामावर लावायचा. उसासाठी ती नाही. ऊस कारखान्याच्या यार्डात क्रेननं उतरतो, तिथं डंपिंगचा काही उपयोग नाही, आणि दोन चारचाकी ट्रॉल्या मागं जोडून जेवढा ऊस जातो तेवढा या एका दोनचाकीत मावणारही नाही. हिचं काम आहे लागणीआधी शेणखत, कारखान्याची मळी, तळ्यातला गाळ, मुरूम आणि घरच्या बांधकामाची वाळू-खडी. आणि खरं कारण म्हणजे माणसं. भरायला जेसीबी भाड्यानं मिळतो, रिकामी करायला फावडं हातात घेणारा माणूस एप्रिल-मे महिन्यात हात जोडूनही मिळत नाही.

हौद्याचं माप आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच. म्हणजे १२० घनफूट, सव्वा ब्रासला थोडी कमी. वर्कशॉपवाल्यानं "पाच टनी" सांगून दिलेली. गोंधळाची सुरुवात इथंच झाली. आपल्याकडं ट्रॉली ब्रासवर मोजतात आणि जॅक टनावर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. अर्धवट कुजलेलं, ओलसर शेणखत घनमीटरला ६००-७०० किलो धरा. हौदा काठोकाठ भरला तरी सव्वादोन-अडीच टनांच्या आतच राहतो. उकरलेला मुरूम घनमीटरला १६०० किलोच्या आसपास. तोच हौदा, तेवढाच काठोकाठ, पण वजन ५.४ टन. आणि जेसीबीवाला काठोकाठ भरून थोडाच थांबतो? वर शीग चढवतो. शिगेसकट मुरूम साडेसहा टन तरी होता असा माझा अंदाज. सकाळच्या खतावरून ट्रॉली "एक नंबर" ठरवणारे आणि दुपारच्या मुरमावरून "बेकार" ठरवणारे दोघं एकाच हौद्याबद्दल बोलत होते, पण ओझं मात्र अडीच-तीन पटींनी वेगळं होतं.

आता जॅक. दुपारी झालं ते असं: लिव्हर ओढल्यावर हौदा नीट उचलायला लागला, साधारण २० अंशांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. ट्रॅक्टरमधून किर्र असा आवाज सुरू झाला, इंजिन दबलं. पोरानं रेस वाढवली. आवाज वाढला, हौदा हलला नाही. शेवटी आण्णा आणि दोन गडी हौद्यावर चढले आणि पुढच्या बाजूचा मुरूम फावड्यानं खाली ओढला, तेव्हा कुठं जॅक पुढं सरकला. फावडं सुटावं म्हणून घेतलेल्या ट्रॉलीत पहिल्याच दिवशी फावडं घेऊन चढायला लागणं, हे आण्णांना लागलेलं होतं. मी असतो तर मलाही लागलं असतं.

पण थांबला तो कुठं थांबला, हे महत्त्वाचं. हा जॅक दोन टप्प्यांचा आहे, एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखा. आधी बाहेरचा जाड नळा वर येतो, तो पुरा झाला की आतला बारीक. जॅकची ताकद म्हणजे तेलाचा दाब गुणिले नळ्याचं क्षेत्रफळ. ट्रॅक्टरच्या बाहेरच्या तेलाच्या टॅपला दाब मोजायचं गेज लावून बघितलं, दाब १५० बारला थांबतो. एक बार म्हणजे ढोबळमानानं एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. बाहेरचा नळा ९५ मिलिमीटरचा, त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७१ चौरस सेंटिमीटर. ताकद साडेदहा टनांवर. आतला ७५ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ ४४; ताकद ६.६ टन. टप्पा बदलताना ताकद एकदम साडेदहावरून साडेसहावर येते. सगळ्या अशा जॅकमध्ये हे होतंच आणि त्यात खोट काही नाही, कारण तोवर हौदा उभा व्हायला लागलेला असतो, माल मागं सरकायला लागतो आणि ओझं कमी होत जातं. अडचण एवढीच की मुरूम २० अंशांवर सरकत नाही. त्याला पस्तिशीच्या पुढं जावं लागतं. म्हणजे टप्पा बदलताना ओझं जवळपास पुरंच असतं आणि ताकद मात्र बारीक नळ्याची असते.

बिजागरीपासून जॅकचं अंतर, नळ्याचा कलता कोन आणि हौद्याचं स्वतःचं वजन (सुमारे ७०० किलो) धरून मी आण्णांसमोर वहीत हिशेब मांडला. टप्पा बदलतो त्या जागी सपाट काठोकाठ मुरमाला जॅकवर ६.१ टन येतात. उचलतो, पण ओढूनताणून. शीग चढवली आणि माल सारखा पसरला तर ७.१; थांबतो. तीच शीग पुढच्या बाजूला असेल तर ८.४. बिजागरी मागं असल्यामुळं पुढं टाकलेला प्रत्येक फावडा जास्त लांबून उचलावा लागतो. आदल्या दिवशी ढीग पुढंच होता; हौद्याच्या आतल्या पत्र्यावर मुरमाची लाल रेघ पुढं काठाच्या वर आणि मागं वीतभर खाली, स्पष्ट दिसत होती. न धुण्याचा हा फायदा.

पुढं का टाकला? पोरगा म्हणाला, "काका, हुकावर वजन पाहिजेच की. न्हाईतर चाक घसरतंय." त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यावर पुढं येतो.

रेसचं मात्र सांगायलाच हवं, कारण ही समजूत गावोगाव आहे. रेस वाढवली की पंप तेल जास्त ढकलतो, म्हणजे हौदा लवकर वर जातो. ताकद वाढत नाही. दाब किती चढू द्यायचा ते रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. त्याच्यावर गेलं की तो तेल परत टाकीत सोडतो, आणि किर्र आवाज त्याचाच. गेज लावून ठेवलं आणि मुद्दाम जॅक अडवून पोराला रेस वाढवायला सांगितली. काटा १५० वर होता, तिथंच राहिला. अशा वेळी लिव्हर धरून ठेवलं तर तेल तापण्यापलीकडं काही होत नाही. "आवळून दाब वाढवून घेऊ का मग?" असं तात्यांनी विचारलं. नको. त्या दाबावर पंप, होज (तेलाची नळी) आणि जॅकचे सील सगळेच बेतलेले असतात. व्हॉल्व्ह आवळून वाढवलेली ताकद दुसरीकडून फुटून बाहेर येते.

आण्णांची दुसरी तक्रार होती की मुरमाच्या खेपेला बांधाच्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली आणि स्टिअरिंग लागेना. यासाठी ते आसाला दोष देत होते, "आस मागं बसवलाय." मोजला. हौद्याच्या पुढच्या कडेपासून आस साडेसहा फुटांवर, हुकाच्या डोळ्यापासून साडेदहा फुटांवर. माल सपाट असेल तर ओझ्याचा सातवा हिस्सा, म्हणजे ८५०-९०० किलो हुकावर येतो. दोनचाकीत हे हवंच असतं; ट्रॅक्टरची मागची चाकं त्यानंच जमीन धरतात. पोराचं अर्धं बरोबर ते हे. पण ढीग पुढं गेला की हुकावरचं वजन दीड टनाच्या वर जातं. ट्रॅक्टर स्वतः दोन टनांचा, त्यातलं पुढच्या चाकांवर आठशेच्या आसपास. हूक मागच्या आसाच्या मागं असल्यानं तो पुढची बाजू उचलायलाच बघतो. सपाट मालाला पुढं पाचशे किलो तरी राहतात, ढिगाला तीनशे. त्यात चढ आणि ओढ धरली की स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. आस आहे तिथं ठीक आहे.

म्हणजे आण्णांच्या दोन्ही मोठ्या तक्रारी एकाच ढिगातून निघाल्या, आणि वर्कशॉपवाल्याच्या गळ्यात त्या घालता येणार नाहीत. हे ऐकून तात्या खुश झाले. त्यांची खुशी फार टिकली नाही, कारण ज्या सकाळच्या कामाचं ते कौतुक करत होते त्यातच खरा बिघाड झालेला होता.

उकिरड्याच्या तळचं खत ओलं, चिकट. हौदा पुरा ४५ अंशांवर गेला तरी थोडं खत पुढच्या कोपऱ्यात आणि बरंच फाळक्याशी, म्हणजे मागच्या दाराशी, गुंतून राहिलं. मग पोरानं तेच केलं जे बहुतेक सगळे करतात: हौदा वर ठेवूनच ट्रॅक्टर पुढं झटक्यानं घ्यायचा आणि कचकन ब्रेक दाबायचा. खत पडतं, बघणाऱ्याला मजा वाटते. त्या वेळी हौदा कशावर उभा असतो? मागच्या दोन बिजागऱ्या आणि खाली एक जॅक. सगळा हिसका त्या तीन जागी.

मी बिजागरीच्या खाली पाठीवर पडून बघायला लागलो. डाव्या बिजागरीचा कान (पिन बसते ती पट्टी) जिथं खालच्या सांगाड्याच्या चॅनेलला वेल्ड केलाय तिथं रंगात केसाएवढी रेघ होती, कडेला किंचित तांबूस पूड. रंगाची रेघ म्हणजे लोखंडाची चीर असंच काही नसतं. नवा रंग नुसता ताणानंही तडकतो. म्हणून तेवढी जागा पॉलिश पेपरनं रंग जाईपर्यंत घासली, रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कापडानं कोरडं पुसलं आणि वर पांढऱ्या खडूची पूड चोळली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत वर येतं. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्यावर ओली, बोटाच्या पेराएवढी काळपट रेघ उमटली. वेल्डमध्येच. उजव्या बाजूला हेच करून बघितलं, खडू कोरडा राहिला.

डाव्या बाजूला वेल्ड कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथंच सोडलं होतं, कोपऱ्याला वळसा घातला नव्हता. उजव्या बाजूला घातला होता. वेल्डचा शेवट ही ताणाची जागा असते आणि चीर तिथूनच सुरू होते. दोष वाटायचा तर असा: कोपरा अर्धवट सोडला वर्कशॉपनं, आणि तो पहिल्याच दिवशी उघडा पाडला झटक्यांनी. झटके दिले नसते तर ही चीर गाळाच्या हंगामात, भरल्या हौद्याखाली निघाली असती. मला दोन्हीकडचा राग आहे, पण वेल्डचा जास्त. झटके देणारा पोरगा सतरा ठिकाणी असतो, हे ट्रॉली बांधणाऱ्याला माहीत असायला हवं.

खत अडकण्याचं मूळ हौद्याच्या आकारात आहे. पुढं-मागं रुंदी सारखीच आहे. मागं दोन-तीन इंच रुंद ठेवला असता तर माल मागं येताना मोकळा होत गेला असता, आणि आतल्या वेल्डच्या गाठी ग्राइंडरनं सपाट केल्या असत्या तर आणखी बरं. आकार आता बदलत नाही. गाठी घासून घेता येतील, आणि ओलं खत भरायच्या आधी तळाला कोरडं पाचट पसरायला सांगितलं. पाचट आपल्याकडं काय कमी आहे?

हौदा वर असताना आणखी एक गोष्ट होते ती कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. ४५ अंशांवर न सरकलेल्या मालाचं वजन आसाच्या मागं जातं आणि दांडी हुकातून वर उचलायला बघते. पिनेला खालून क्लिप नव्हती, नुसती पिन टाकलेली. पिन उडाली तर दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर आपटते. क्लिप आणि साखळी त्याच दिवशी बसवून घेतली.

मग रिकामा हौदा वर करून, लिव्हर मधे ठेवून आम्ही चहा घेतला. चहा संपेतो हौदा हातभर खाली आलेला. तात्यांना वाटलं जॅकचे सील गेले. जॅकवर बाहेर तेलाचा थेंब नव्हता, होज ट्रॅक्टरला जोडतो त्या कपलरपाशी नुसती ओल होती. तेल ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून आतल्या आत परत जात होतं. असं थोडंफार बऱ्याच ट्रॅक्टरना होतं आणि त्यात घाबरण्यासारखं नाही. घाबरायचं ते याला, की आदल्या दिवशी अडकलेलं खत काढायला एक गडी उचललेल्या हौद्याखालून गेला होता. तेलावर उभ्या असलेल्या हौद्याखाली माणूस जाता कामा नये, आणि होज फुटला तर हातभर वगैरे नाही, हौदा एकदम खाली येतो. चॅनेलला बिजागरीनं जोडलेला लोखंडी टेकू असायला हवा होता. वर्कशॉपनं दिलाच नव्हता. माझ्या मते ट्रॉलीतली सगळ्यात मोठी उणीव ती, चिरीपेक्षाही.

तेलाचं थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, म्हणून नव्या जॅकमधली घाण थेट गिअरवर जाते. फिल्टर काढून बघितला; वेल्डिंगचे बारीक कण होते. फिल्टर बदलला, तेल थोड्या दिवसांनी पुन्हा बघायचं ठरलं. हा जॅक सहा लिटरांहून थोडं जास्त तेल घेतो, तेव्हा डिपस्टिक हौदा खाली असतानाच बघायची. चाकांचे नट आवळले, बरेच ढिले होते. भरल्या खेपेनंतर हे होतंच. मागं रिफ्लेक्टर होते, दिवा नव्हता. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन, त्याची एमएच-०९ची नोंदणी अजून व्हायची होती. तोवर डांबरी रस्त्यावर काढू नका म्हटलं.

उंचीही मोजली. पुरा उचलल्यावर हौद्याची पुढची कड जमिनीपासून बारा फुटांच्या आसपास जाते. यांच्या विहिरीकडं जाणाऱ्या मोटरच्या तारा उन्हाळ्यात चांगल्याच लोंबतात. त्या पट्ट्यात डंपिंग करायचंच नाही, खत अलीकडं टाकून पसरायचं, यावर मात्र दोन्ही भाऊ चर्चा न करता तयार झाले. पलीकडच्या तालीच्या उतारावरही नको. काळी माती वळवानं भिजली की एका बाजूचं चाक रुततं आणि वर गेलेला हौदा बाजूला कलंडतो.

निकाल काय द्यायचा? ट्रॉली ठेवा, पैसे थांबवा. मुरमासाठी हौद्याच्या आत २० इंचांवर पांढरी रेघ मारली: १० गुणिले ६ गुणिले २० इंच, बरोबर १०० घनफूट, एक ब्रास, साडेचार टन. रेघेपर्यंत, सपाट. दुपारी तसाच मुरूम भरून बघितला. टप्पा बदलताना आवाज किंचित बदलला, काटा ११५ च्या आसपास गेला आणि हौदा पुढं गेला. शेणखताला रेघ नाही, हवी तेवढी शीग चढवा. आण्णा बराच वेळ त्या रेघेकडं बघत होते. "म्हंजे पाच टनी न्हाईच की ही," म्हणाले. आहे, पाच टन सपाट पसरलेले असतील तर. वर्कशॉपवाल्यानं पाच टन म्हणताना माल कसा भरायचा हे सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही.

वर्कशॉपवाल्याला फोन लावला तेव्हा आधी त्याचं म्हणणं, "गाडी वापरायला येत न्हाई त्यास्नी." खडूवरच्या रेघेचा फोटो पाठवल्यावर आवाज खाली आला. चीर ग्राइंडरनं खोल काढून नवं वेल्ड, दोन्ही कानांना तिकोनी आधारपट्टी, आणि टेकू, एवढं त्यानं फुकट करून द्यायचं कबूल केलं. त्याचा माणूस त्याच आठवड्यात वेल्डिंग सेट घेऊन आला. मी नवं वेल्ड खडूनं पुन्हा बघितलं, कोरडं होतं. त्यानंतर आण्णांनी उरलेले पैसे दिले, थोडे कापूनच. मागच्या दिव्याचे म्हणून.

डाव्या चाकाचा हब तेवढा अजून तापतोय. भरल्या खेपेनंतर उजव्यावर हात ठेवता येतो, डाव्यावर ठेववत नाही. बेअरिंग जास्त आवळलंय की ग्रीस कमी भरलंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि आडसालीच्या, म्हणजे जुलै-ऑगस्टातल्या उसाच्या लागणीची ओढाओढ सुरू व्हायच्या आत ते उघडा, असं तात्यांना दोनदा सांगून झालंय.